वेसण नसलेली फटफटी : तामलवाडी ते मुरुम आणि परत

घोडी विकून फटफटी घ्यायची, हे मी घरात पहिल्यांदा बोललो तेव्हा माझे वडील जेवत होते. अण्णा जेवताना बोलत नाहीत. त्या दिवशी हात धुतल्यावरही बोलले नाहीत, आणि पुढचे चार दिवस मला जे काही ऐकवायचं ते आमच्या तांबड्या बैलाला ऐकवलं. "काही लोकांची अक्कल चरायला गेलीया रे बाबा, तू तरी घरी ऱ्हा," असं.

माझं खूळ जुनं होतं. दहा वर्षांचा असताना सोलापूरच्या एका मैदानावर मी फटफट्यांची शर्यत पाहिली होती. एक चंदेरी फटफटी, टाकीवर पांढरा गोल आणि गोलात नंबर. ती समोरून गेली कधी ते कळलंच नाही, मागं नुसता वास राहिला. तो वास काही माझ्या नाकातून जाईना. पुढं लढाई संपली, मिलिट्रीनं आपल्या गाड्या लिलावात काढल्या आणि बाजारात खाकी फटफट्यांचा सुकाळ झाला. मला खाकी नको होती. मला शर्यतीची पाहिजे होती. अशात कुणीतरी सांगितलं की मुरुमच्या वीरभद्रप्पा नावाच्या व्यापाऱ्याकडं तशी एक आहे. लाल रंगाची, अस्सल.

आमची घोडी चांदणी. अण्णांनी ती शिंगरू असताना आणली आणि मला दिली. आसपासच्या जत्रांत तिच्यापुढं कुणाचं घोडं गेल्याचं मला आठवत नाही. सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं तिला नेलं तेव्हा अण्णांनी स्वतः तिला सोडलं, पण तिचं दावं काढून ठेवून घेतलं. आमच्याकडं रीतच आहे ती. जनावर विकायचं, पण त्याचं दावं, वेसण द्यायची नाही. दावं गेलं की गोठ्याची लक्ष्मी गेली. घेणाऱ्यानं आपलं नवं आणायचं. दावं खुंटीला अडकवून अण्णा म्हणाले, "शर्यतीची असंल तर आण. मिलिट्रीचं भंगार रंगवून कुणी गळ्यात मारलं, तर ती गाडी ह्या दारात येणार न्हाय. आन तूबी येऊ नको."

अण्णा बोलले म्हणजे बोलले.

म्हणून आधी सोलापूरला करीम उस्तादकडं गेलो. उस्ताद म्हणजे फिटर माणूस, फटफटी नुसती ऐकून तिचं दुखणं सांगतो. त्याच्याच मोडक्या गाडीवर मैदानात दोन फेऱ्या मारून मी चालवायला शिकलो होतो. दोन फेऱ्या म्हणजे मला वाटत होतं पुष्कळ झाल्या. त्यानं विडीच्या पुड्याच्या कागदावर खुणा लिहून दिल्या: इंजिनवरच्या नंबराच्या सुरुवातीला कोणती दोन अक्षरं पाहिजेत, आणि हँडलच्या खाली सांगाड्यावर एक नंबर असतो, त्याचा मेळ इंजिनच्या नंबराशी बसला पाहिजे.

"इंजन रेस का और सांगाडा मिलिट्री का, ऐसा भी जोडतात लोकां," उस्ताद म्हणाला. "दोन्ही नंबर देखे बगैर पैसा नक्को देऊ. रंग पे तो बिलकुल नक्को जाऊ."

कागद मी टोपीत ठेवला आणि ग्यानबामामाला बरोबर घेतलं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. बैलपारखी. बाजारात मामांनी पाठीवर थाप मारली की त्या बैलाचा भाव वाढतो. फटफटी त्यांनी लांबूनच पाहिलेली, पण "जनावर ते जनावर" म्हणून निघाले.

पहिला दिवस. तामलवाडीहून तुळजापूर, तिथून नळदुर्ग, जळकोट, येणेगूर आणि तिथून आत वळून मुरुम, असा रस्ता. सर्व्हिस मोटारीनं जायचं असेल तर दोन गोष्टी ध्यानात धरा. एक, निजामाचे हाली आणि इंग्रजांचे कलदार रुपये वेगवेगळ्या खिशांत ठेवा, नाहीतर चहावाल्यापाशी उभं राहून हिशेब करता करता मोटार निघून जाते. दोन, मागच्या चाकावरच्या बाकावर बसू नका. आम्ही तिथंच बसलो. वर आमच्याजवळ पेट्रोलचा डबा. पेट्रोल अजून कुपनावर मिळतं, मुरुमात मिळेल न मिळेल म्हणून उस्तादनं आपल्या वाट्यातलं दिलेलं. मामांनी डब्यावर उपरणं टाकलं आणि विचारील त्याला "तूप हाय" म्हणून सांगत बसले. समोरच्या म्हाताऱ्यानं विडी काढली तसे मामा गडबडले.

"बाबा, विडी नका पेटवू."

"का वो? तुपाला विडीचं वावडं हाय व्हय?"

"ह्या तुपाला हाय."

म्हाताऱ्यानं एकदा वास घेतला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला. आम्हाला पाय लांब करायला जागा झाली.

जळकोटला मोटार थांबते तिथं ज्वारीची काढणी चाललेली होती. एका शेतकऱ्यानं मामांना ओळखलं आणि उशिराच्या रानातला शेवटचा हुरडा आणून ओंजळीत घातला. पैसे घ्यायला तयार नाही. मामांनी त्याच्या बैलाकडं बघून "मागचा उजवा पाय सांभाळ" एवढं सांगितलं, त्यात फिटंफाट.

मुरुमला पोचलो तेव्हा बाजार भरात होता. बाजारात निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि भांडण दोन्हींत. वीरभद्रप्पा धिप्पाड माणूस, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग. "बर्री, बर्री! कूड्री!" म्हणजे या, बसा. बसलो. तूर, करडई, पेंड अशा पोत्यांच्या मागं ती उभी होती.

लाल. अशी लाल की डोळे दिपावेत. मी कागद, नंबर, अण्णा, सगळं विसरलो. मामांनी कोपरानं ढोसलं तेव्हा टोपीतून कागद काढला. इंजिनवरची दोन अक्षरं पाहिली. उस्तादनं लिहिलेली तीच! मग हँडलखाली बोट घातलं, तर तिथं रंगाचा हा जाड थर. आकडे बोटाला लागत होते, दिसत नव्हते.

"शेटजी, एवढा रंग खरवडू का?"

"छे छे! पोरगी बघायला आल्यावर पावडर पुसून बघता काय?" वीरभद्रप्पा म्हणाले. "नारळ फुटला की तुमची गाडी. मग सगळी सोलून काढा. मला मिळाली तशी मी रंगवली, खोटं बोलणार न्हाई. लिलावातनं एकानं घेतली, त्याच्याकडनं मी घेतली. तो म्हणला रेसची, मी म्हणतो रेसची."

लिलावाचा कागद होता. उर्दूत, सुरेख अक्षरात: मोटारसायकल, एक अदद, चालू हालत. माझं शिक्षण उर्दूत झालं, पण एवढं सुंदर आणि एवढं निरुपयोगी काही मी वाचलं नव्हतं.

तोवर मामांनी आपली पाहणी सुरू केली होती. आधी गाडीभोवती तीन फेऱ्या. मग दिव्याच्या काचेत डोकावले. मग खाली बसून साखळीच्या चक्राचे दात मोजले, एकेका दातावरनं अंगठा फिरवला. "दात झिजल्यात. धा वर्साचं जनावर हाय, तरणं न्हाय." मग मागच्या बाजूला गेले आणि तिथंच अडकले. चाकावरच्या पत्र्याला दोन्ही अंगांनी भोकं होती, बुजवून वर रंग दिलेला.

"दिगू, हिकडं ये. हितं जू घासलंय."

"मामा, फटफटीला जू नसतं."

"मग ही भोकं कशाची? हितं ओझं बांधत हुते. हे जनावर औताला जुंपलेलं हाय, म्या लिहून देतो."

मला राग आला. बैलं पारखणारा माणूस विलायती यंत्रात नाक खुपसतो म्हणजे काय! तेवढ्यात वीरभद्रप्पांच्या माणसानं पेट्रोल घालून गाडी सुरू केली. पोत्यांवरच्या चिमण्या उडाल्या, शेजारच्या दुकानातलं मूल रडायला लागलं, आणि तो वास आला. तोच. मी म्हणालो, "मामा, घ्यायची."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं बाजारात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाकडं बघतात. मग उपरण्याखाली हात घातला. वीरभद्रप्पांनीही घातला. बैलाचा सौदा असाच होतो, बोटं दाबून, मुकाट. वरून दोघं पावसापाण्याचं बोलत होते. मध्येच वीरभद्रप्पा "अय्यय्यो" म्हणाले आणि हात काढून घेतला, परत घातला. किती बोटं दाबली गेली ते मला आजही माहीत नाही. मामांनी मला आकडा सांगितला, मी कंबरेचा कसा सोडला. चांदणी तिथं संपली. मोजताना मी दोनदा चुकलो हे कबूल करतो.

त्या रात्री वीरभद्रप्पांच्या घरी जेवण. कडक भाकरी, शेंगांची चटणी, भरली वांगी आणि वर गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर. तुम्ही मुरुमला गेलात आणि कुणी हुग्गीला थांबा म्हणालं तर थांबा, मोटार चुकली तरी चालेल.

दुसरा दिवस. सकाळी नारळ फुटला, गाडीला हळदकुंकू लागलं. मी आत चहा घेत होतो तेव्हा मामा आणि वीरभद्रप्पा बाहेर गाडीपाशी काहीतरी करत होते. निघालो तेव्हा हातातला ब्रेक मला ढिला लागला. दाबला की सरळ मुठीला टेकायचा. मी विचार केला, शर्यतीच्या गाडीला ब्रेक हलकाच असणार. शर्यतीत थांबायचंय कुणाला? हे मी मामांनाही समजावून सांगितलं. मामा मागं, त्या भोकांच्या पत्र्यावर घोंगडी बांधून बसलेले. "असंल," म्हणाले.

काय सांगू त्या सकाळचं! येणेगूरपासून जळकोटपर्यंत रस्ता सरळ, दोन्हीकडं कापलेली ज्वारी, आणि आम्ही. बैलगाड्या बाजूला होत होत्या. बायका पेंढ्या टाकून बघत होत्या. मामांचा पटका सुटला आणि मागं वावभर फडफडत राहिला, तो आवरायला त्यांना हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी माझी कंबर अशी धरली होती की मला श्वास घेता येईना. नळदुर्गला बोरी नदीच्या उतारावर पायातला ब्रेक दाबून कशीबशी थांबवली. पायातून जळका वास आला. किल्ल्यासमोर चहा घेतला आणि तिथल्या एका माणसानं विचारलं, "केवढ्याला पडली?" मामा म्हणाले, "एक घोडी." मला चहा कडू लागला.

तुळजापूरला रस्त्यावरूनच देवीला हात जोडले आणि घाटाला लागलो. हा घाट तसा फार मोठा नाही. चढून जाताना तर लक्षातही येत नाही. उतरताना येतो.

पहिल्या वळणावर पायातला ब्रेक धरत होता. दुसऱ्यावर कुरकुरला. तिसऱ्यावर पाय दाबला तर नुसता धूर. मी हातातला ब्रेक दाबला, दाबला, परत दाबला.

"मामाऽ! हातातला ब्रेक लागत न्हाय!"

"कसा लागंल?" मामा मागून अगदी शांतपणे म्हणाले. "येसण वीरभद्रप्पानं ठेवून घेतली न्हाय का."

"काय ठेवून घेतलं?"

"येसण! ती हातापास्नं चाकाकडं जाती ती तार. जनावर आवरायची तीच न्हवं? म्हणला, दावं न्हाय पर येसण तरी ठिवू द्या. म्या म्हणलं, रीतच हाय, घ्या."

"मामाऽऽ!"

"अरं वरडतो कशाला! नवी आणलीया की म्या. पिशवीत हाय. घरी गेल्यावर घालू."

पुढं कडब्यानं भरलेली गाडी चालली होती. मला कडबा दिसला, गाडीवानाचे मोठे झालेले डोळे दिसले, आणि मग सगळं कडबाच कडबा झालं. मामा माझ्या डोक्यावरून पलीकडं जाऊन गंजीत छातीपर्यंत रुतले. मी खाली. फटफटी एकटीच पुढं गेली, घाटाच्या दगडी कठड्याला अंग घासत घासत, आणि पडून घुं घुं करत राहिली.

गाडीवान आधी शिव्या घालणार होता. पण कडब्यातून मामांचं डोकं वर आलं आणि म्हणालं, "डाव्या बैलाच्या खुराला लागलंय रं तुझ्या." गाडीवानानं वाकून बघितलं, तर खरंच लागलं होतं. मग तो आमचाच झाला.

मी फटफटीकडं धावलो. टाकीचा लाल रंग हातभर लांब सोलून निघाला होता. आणि खाली खाकी.

मी तिथंच खडीवर बसलो. मामा कडबा झटकत आले, बघितलं, काही बोलले नाहीत. "म्या सांगितलं हुतं" म्हणायची एवढी सोन्यासारखी संधी त्यांनी सोडली, त्यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समजा. मला रडू आलं. लाज कसली सांगायची! चांदणी गेली, खाकी आली, आणि आता घर गेलं.

मामांनी पिशवीतून नवी वेसण काढली, लाल सुताची, गोंडे लावलेली. तिनं फटफटी गाडीच्या मागं बांधली. गाडीवान सोलापूरला कडबा विकायला चाललेला, तामलवाडी वाटेवरच. उरलेला रस्ता असा पार पडला: पुढं बैल, मध्ये कडबा, मागं शर्यतीची फटफटी, आणि ती सरळ चालावी म्हणून तिच्या पाठीवर मी.

दिवेलागणीला गावात शिरलो. बातमी आमच्या आधी पोचली होती, सगळं गाव दारात. "आरं, पळतीया का वढतीया?" असं कुणीतरी म्हणालंच. अण्णा ओट्यावर उभे होते. गाडीला एक फेरी घातली. खाकी पट्ट्यावर नख घासून बघितलं.

"मिलिट्री," म्हणाले, आणि आत गेले.

फटफटी बाहेर लिंबाखाली राहिली, मी गोठ्यात. गोठ्यात मात्र येऊ दिलं, कारण आईनं त्यांना विचारलंच नाही. चार दिवस मी चांदणीच्या रिकाम्या जागेत निजलो आणि डोक्यावर खुंटीला तिचं दावं. माणसाला याहून मोठी शिक्षा देता येईल असं मला वाटत नाही, आणि अण्णांनी ती ठरवून दिलेलीही नव्हती.

शुक्रवारी मामांनी निरोप धाडून करीम उस्तादला आणवलं. तो आला, गाडीपाशी उकिडवा बसला, आधी पोटभर हसला. "वेसण! या अल्ला, वेसण!" मग पातं काढून हँडलखाली खरवडायला लागला. लाल गेला. खाकी गेला. आकडे निघाले. त्यानं मला वाचायला लावले, दोनदा. इंजिनशी मेळ बसला.

"सांगाडा बी असली है," उस्ताद म्हणाला आणि पातं टाकीकडं नेलं. अण्णा ओट्यावर पाठ करून बसले होते. पातं फिरत होतं. लाल. खाकी. आणि खाकीच्या खाली चंदेरी. चंदेरीवर पांढऱ्याची कड, कडेचा गोल झाला, आणि गोलात काळा नऊ.

"लढाईत सरकारनं लोकांच्या गाड्या बी घेतल्या ना," उस्ताद सांगू लागला. "रेस की थी बिचारी. खाकी फासला, पीछे थैल्या बांधल्या, डाक ढोवायला लावली. जितली का हारली मालूम नै. पण पळत होती, हे नक्की."

मामा उठून त्या बुजवलेल्या भोकांपाशी गेले, त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघून फक्त भुवया उडवल्या. चार दिवस दाबून ठेवलेलं होतं ते.

अण्णांनी मान वळवली. "म्हंजी पळणारं जनावर धरून औताला जुंपलं म्हणा."

"हौ अण्णासाब. तसंच."

अण्णांनी ओट्यावरून उतरून त्या नवावर अंगठा फिरवला. मग हळू म्हणाले, "मंगळवारी सोलापुरात चांदणी दिसली. टांग्याला."

उस्तादनं पातं खाली ठेवलं. मी खाकीचा एवढा तिटकारा केला, आणि माझ्या घोडीला मीच खाकी फासून आलो होतो.

आता घरी येऊन महिना झाला. उस्तादनं नवी तार घातली, पायातला ब्रेक बदलला. राहिलेला लाल आणि खाकी मी रोज थोडा थोडा खरवडतो. कुणी मला विचारलं, जुनी शर्यतीची गाडी घ्यायला मुरुमला जावं का, तर मी म्हणतो जरूर जा. रंगावर जाऊ नका, दोन्ही नंबर बघा, बैलपारखी माणूस बरोबर न्या आणि त्याचं ऐका. निघताना मात्र तो बाहेर काय देऊन बसलाय ते आधी विचारा.

आणि शनिवारची सकाळ सांगायची राहिली. उस्ताद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठलो तर डोक्यावरची खुंटी रिकामी. बाहेर धावलो, लिंबाखालीही काही नाही. वळून बघतो तर फटफटी गोठ्यातच, माझ्या पलीकडं, चांदणीच्या दावणीला उभी. पुढच्या चाकातून दावं ओवून पक्की गाठ मारलेली, आणि अण्णा शेजारी तांबड्या बैलाला पेंड घालत होते.

"अण्णा," मी म्हणालो, "फटफटी बांधायची नसते."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. बैलाकडं नाही, माझ्याकडं.

"नवं घर हाय तिला," ते म्हणाले. "पहिलं चार दिस बांधावंच लागतं."